पोचपावतीपर्यंत: सरकारी ऑनलाइन सेवा आणि दिव्यांग नागरिक

सरकारी ऑनलाइन सेवा सुगम्य आहे असे केव्हा म्हणावे? अंध, अल्पदृष्टी, कर्णबधिर, हातांची हालचाल मर्यादित असलेली किंवा वाचायला-समजायला वेळ लागणारी व्यक्ती खाते उघडण्यापासून पोचपावती मिळेपर्यंतचे सगळे काम कोणाच्याही मदतीशिवाय पुरे करू शकते, तेव्हा. यातली ‘कोणाच्याही मदतीशिवाय’ ही अट सर्वांत महत्त्वाची, आणि तीच सर्वांत आधी विसरली जाते. उत्पन्नाचा दाखला असो की शिष्यवृत्ती, अर्जात आधार क्रमांक, बँक खाते, घरचे उत्पन्न, कधी आजारपणाचा तपशीलही भरावा लागतो. तो भरून घेण्यासाठी शेजाऱ्याकडे किंवा सेवा केंद्रात जावे लागले की पासवर्ड आणि ओटीपी दोन्ही परक्या हातात पडतात. ‘ओटीपी कोणालाही सांगू नका’ असे बँका आणि सरकार सतत बजावत असतात. ते पाळण्याची सोय मात्र अंध नागरिकाला अनेकदा मिळतच नाही.

२०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी आणि महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग नोंदले गेले. तेव्हा लागू असलेल्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते २१ केले, म्हणजे आजची संख्या याहून मोठीच असणार. शिवाय ऑनलाइन सेवा टाळण्याची वाटही आता अनेकदा उरलेली नाही. १ जून २०२१ पासून दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्रसुद्धा यूडीआयडी (दिव्यांगांचे विशिष्ट ओळखपत्र) पोर्टलमार्फतच दिले जाते. आपण दिव्यांग आहोत हे सिद्ध करण्याची पहिली पायरीच संकेतस्थळावर आहे.

अंध व्यक्ती संगणक वापरते ती स्क्रीन रीडरच्या आधारे. पडद्यावरचा मजकूर आवाजात वाचून दाखवणारी ही आज्ञावली असते. विंडोजवर जॉज आणि मोफत मिळणारा एनव्हीडीए, अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर हे त्यांतले रुळलेले प्रकार. स्क्रीन रीडर पडद्याचे चित्र पाहत नाही, पानामागची रचना वाचतो. ‘अर्जदाराचे नाव’ हे शब्द रकान्याच्या शेजारी दिसतात एवढ्याने भागत नाही. ते त्या रकान्याचे नाव आहे अशी जोडणी पानाच्या कोडमध्ये असावी लागते. ती नसली की ऐकणाऱ्याला नुसते ‘एडिट, रिकामे’ एवढेच ऐकू येते आणि तिथे नाव लिहायचे की गाव, हे कळत नाही. बटणाच्या जागी चित्र टाकून त्याला पर्यायी मजकूर दिला नसेल, तर चित्राच्या फाइलचे नाव किंवा निरर्थक आकडे वाचले जातात. चुकलेला रकाना फक्त लाल रंगाने दाखवला, तर चूक झाली हेही समजत नाही आणि अर्ज पुढे का सरकत नाही याचा शोध घेण्यात तासन्‌तास जातात. या चुका दुरुस्त करायला फार मोठे तंत्रज्ञान लागत नाही. बहुतेक वेळा कोडच्या एक-दोन ओळी पुरतात. त्या लिहायला हव्यात हे आधी माहीत असावे लागते.

मराठीच्या बाबतीत या अडचणीत आणखी एक भर पडते आणि तिचा विचार इंग्रजी मार्गदर्शक पुस्तकांत सापडत नाही. संगणकावर मराठी आली ती युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतंत्र संकेतांक देणाऱ्या मानकाच्या, आधीच्या फॉन्टांतून. श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव अशा फॉन्टांनी छपाई आणि सरकारी कचेऱ्या अनेक वर्षे चालवल्या. या फॉन्टांची पद्धत अशी की इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी देवनागरीचे आकार बसवायचे. डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते. संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ असतो. स्क्रीन रीडर तीच सरमिसळ वाचतो. त्या फॉन्टांत तयार झालेले परिपत्रक अंध वाचकाला पूर्ण बंद असते, आणि मुख्य म्हणजे ते शोधातही सापडत नाही. शासन निर्णयाची प्रत सही-शिक्क्यासह स्कॅन करून चढवली, तर गत त्याहून वाईट, कारण त्या फाइलमध्ये अक्षरे नसतातच, पानाचे छायाचित्र असते. दिव्यांग हक्क कायद्याखालच्या २०१७ च्या नियमांत दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफच्या रूपात असावेत असे सांगितले ते यासाठीच. पण ओसीआर म्हणजे चित्रावरून अक्षरे ओळखून घेणे. मूळ फाइल युनिकोडमध्ये टाइप झालेली कचेरीत असताना तिचा छापील कागद स्कॅन करून पुन्हा अक्षरे ओळखत बसणे हा उलटा प्रवास आहे. जोडाक्षरे आणि मात्रा यांत चुका होतात, आणि निर्णयातली एक तारीख किंवा एक ‘न’ चुकीचा वाचला गेला तर अर्थच फिरतो. मूळ फाइलवर डिजिटल सही करून तीच प्रसिद्ध करणे हा सरळ मार्ग आहे.

पानाची भाषा कोडमध्ये मराठी म्हणून नोंदवणे ही अशीच छोटी, पण निर्णायक बाब. ती नोंद नसली तर काही वेळा इंग्रजी आवाज मराठी मजकूर वाचायला जातो आणि अडखळतो, किंवा गप्पच बसतो. आपल्याकडच्या अर्जांत मराठी-इंग्रजी शेजारीशेजारी असते. तेव्हा प्रत्येक तुकड्याची भाषा वेगळी नोंदवली, तर आवाज योग्य ठिकाणी बदलतो.

कॅप्चा हा अर्जाच्या दारातला अडसर. वेडीवाकडी अक्षरे ओळखा म्हणजे तुम्ही माणूस आहात हे पटेल, ही त्यामागची कल्पना. ज्याला दिसत नाही तो या कसोटीत यंत्र ठरतो. आवाजी कॅप्चा दिला तरी तो बहुधा इंग्रजीत आणि गोंगाटात बुडालेला असतो. बहिऱ्या-अंध व्यक्तीला तर दोन्ही मार्ग बंद. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमच्या वेब-सुगम्यता मार्गदर्शक तत्त्वांच्या २०२३ सालच्या २.२ आवृत्तीत, ओळख पटवताना स्मरणशक्तीची किंवा कोडे सोडवण्याची परीक्षा घेतली जात असेल तर दुसरा पर्याय दिला पाहिजे, असा निकष आला. यांत्रिक विनंत्यांचा लोंढा सर्व्हरवरच मर्यादा घालून थोपवता येतो; त्याचे ओझे नागरिकाच्या डोळ्यांवर टाकण्याची गरज नाही. वेळेचेही तसेच. ऐकत-ऐकत अर्ज भरणाऱ्याला किंवा एका बोटाने टाइप करणाऱ्याला जास्त वेळ लागतो. पानाची मुदत संपायच्या आधी सूचना द्यावी, ती वाढवून घ्यायला निदान २० सेकंद द्यावेत आणि भरलेला मजकूर जपून ठेवावा. पाच पाने भरून झाल्यावर पहिल्या पानावर परत फेकला जाणारा माणूस दुसऱ्यांदा अर्ज करायला धजत नाही.

हात थरथरणाऱ्या किंवा माउस न धरता येणाऱ्या व्यक्तीला सारे काम कळफलकावरून करता आले पाहिजे. टॅब कळ दाबत पुढे जाताना आपण नेमके कुठे आहोत ते दिसले पाहिजे. जन्मतारीख कॅलेंडरच्या चित्रात टिचकी मारूनच निवडा अशी सक्ती केली की साठ वर्षे मागे जाण्यातच दमछाक होते. तारीख टाइप करू देणे सोपे. अल्पदृष्टी वाचकासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे गुणोत्तर किमान ४.५ ला १ असावे लागते.

कर्णबधिर नागरिकाला संकेतस्थळ वाचता येते, तेव्हा त्याला काय अडचण, असे समजले जाते. हा समज चुकीचा आहे. जन्मतः बहिऱ्या असलेल्या अनेकांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा असते आणि लिखित मराठी ही त्यांच्यासाठी शिकून घेतलेली दुसरी भाषा. माहितीपटाला उपशीर्षके आणि महत्त्वाच्या सूचनांना सांकेतिक भाषेतली चित्रफीत लागते. तक्रारीसाठी फक्त दूरध्वनी क्रमांक देणे म्हणजे त्यांना तक्रारीचा हक्क नाकारणे. आणि ‘उपरोक्त संदर्भान्वये विहित नमुन्यात’ अशी कार्यालयीन मराठी सांकेतिक भाषिकाला, बौद्धिक अक्षमता असलेल्या तरुणाला आणि कमी शिकलेल्या शेतकऱ्याला सारखीच अडवते. सोपी मराठी हा सुगम्यतेचा भाग आहे. ती आणायला संगणक अभियंता लागत नाही, लिहिणाऱ्या अधिकाऱ्याची इच्छा लागते.

अनेक सरकारी संकेतस्थळांवर वरच्या कोपऱ्यात अक्षरे लहान-मोठी करण्याची आणि रंग उलटे करण्याची बटणे असतात. त्यांनी अल्पदृष्टी वाचकाला थोडी मदत होते, पण तेवढी सोय ब्राउझरमध्ये आधीपासून असते. निनावी रकाना, स्कॅन केलेली पीडीएफ, कॅप्चा यांतले काहीही त्या बटणांनी सुटत नाही. मुखपृष्ठ तपासून मिळालेल्या प्रमाणपत्राचीही मर्यादा हीच. नागरिक मुखपृष्ठासाठी येत नाही. त्याला दाखला हवा असतो, आणि वाट बंद होते ती आतल्या चौथ्या-पाचव्या पानावर.

कायदा कमी पडला असे म्हणता येत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग हक्क कराराला भारताने २००७ मध्ये मान्यता दिली. सरकारी संकेतस्थळांची मार्गदर्शक तत्त्वे २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली, आणि त्याच वर्षी ‘आयएस १७८०२’ हे भारतीय मानक नियमांत दाखल झाले. उणीव होती ती सक्तीची. राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नेमके यावर बोट ठेवले: मूळ कायदा सुगम्यता बंधनकारक करतो आणि नियम मात्र शिफारशींच्या भाषेत बोलतात, म्हणून २०१७ च्या नियमांतला नियम १५ (१) कायद्याशी विसंगत ठरवला गेला आणि बंधनकारक किमान निकष तीन महिन्यांत ठरवण्यास केंद्राला सांगण्यात आले.

३० एप्रिल २०२५ चा प्रज्ञा प्रसून खटल्यातला निकाल त्याच्या पुढे गेला. अ‍ॅसिडहल्ल्यातून वाचलेल्या याचिकाकर्त्या महिलेला बँकेच्या डिजिटल केवायसीसाठी कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावायला सांगितले गेले आणि ते तिला शक्य नव्हते. डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने म्हटले आणि २० निर्देश दिले. डोळे मिचकावण्याला पर्याय द्या, प्रत्येक विभागात जबाबदार अधिकारी नेमा, ठरावीक काळाने जाणकारांकडून तपासणी करून घ्या, असे ते निर्देश आहेत. त्यांतली एक सूचना प्रत्यक्ष कामाच्या दृष्टीने फार मोलाची आहे: अ‍ॅप किंवा संकेतस्थळ घडवताना, तसेच त्यात नवी सोय आणताना, चाचणीच्या टप्प्यात अंध व्यक्तींना सामील करून घ्यावे.

ही सूचना अमलात येईल की नाही हे निविदेत ठरते. अनेक सरकारी संकेतस्थळे खाजगी कंपन्या बांधतात आणि करारात जे लिहिलेले नसते ते बांधले जात नाही. ‘संकेतस्थळ सुगम्य असावे’ एवढे मोघम कलम पुरत नाही. कोणते मानक, कोणत्या स्तरापर्यंत, कोणती कामे अथपासून इतिपर्यंत तपासायची, चाचणीला कोण बसणार आणि त्यांना मानधन किती, हे करारात यावे; शेवटचा हप्ता त्या चाचणीवर अवलंबून असावा. स्वयंचलित साधने पर्यायी मजकूर आहे की नाही ते सांगतात, पण तो मजकूर अर्थपूर्ण आहे का हे माणसालाच कळते. देखभालीच्या करारातही हेच कलम लागते, कारण आज सुगम्य असलेला अर्ज उद्याच्या एका नव्या रकान्याने पुन्हा बंद होऊ शकतो. आणि ती दुरुस्ती होईपर्यंत कागदी अर्जाची खिडकी उघडी ठेवणे ही कचेरीची जबाबदारी राहते.