नवी धर्मशाळा कधी बांधायची?

वलगावातला लग्नाच्या शूटिंगचा एक स्टुडिओ, तो चालवणारे मामा आणि अमरावतीला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला त्यांचा भाचा, हे सगळं मी कल्पिलेलं आहे. त्यांचा पेच मात्र खरा आहे आणि जगातल्या बऱ्याच हुशार माणसांना त्यानं वीस-पंचवीस वर्षं झुलवलं आहे. लग्नसराई आटोपली आहे, मिक्सिंगची थकलेली कामं उपसता उपसता दोघं बोलतायत, असं धरून चालू.

भाचा : मामा, आपलं ठरलं. लिनक्ससाठी नवीन व्हिडिओ एडिटिंगचं सॉफ्टवेअर लिहितो. ओपन सोर्स. आपल्या शूटिंगवाल्यांसाठी.

मामा : काहून? माह्यापाशी एडियस हाय ना. चालून राह्यलं चांगलं.

भाचा : ते क्रॅक केलेलं आहे. शिवाय फक्त विंडोजवर चालतं. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ तुमच्या या डब्यावर बसत नाही. उद्या एखाद्या गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून काही शिरलं तर लोकांची लग्नं जातील तुमच्या हातून.

मामा : मंग टाक लिनक्स. तथी एडिटिंगचं काईच नाई काय?

भाचा : आहे ना. दाविंची रिझॉल्व्ह फुकट मिळतं, पण त्याची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ चे व्हिडिओ वर्षानुवर्षं उघडत आलेली नाही, आणि तुमचा कॅमेरा तेच देतो. लाइटवर्क्सवाल्यांनी २०१० मध्ये जाहीर केलं की आम्ही सोर्स खुला करणार. तो काही झाला नाही. राहिले केडेनलाइव्ह, शॉटकट, ओपनशॉट, पिटिव्ही. केडेनलाइव्ह मी लावून पाहिलं. हळदीपासून बिदाईपर्यंतचं अख्खं लग्न टाइमलाइनवर टाकलं की जड होतं.

मामा : जड होते तं हलकं कर. सोर्स खुला हाय म्हनतो ना तू?

भाचा : वरवर डागडुजी करून भागणार नाही. पायाच जुना आहे. केडेनलाइव्ह आणि शॉटकट, दोघांच्या पोटात एमएलटी नावाचं एकच यंत्र आहे. ते बहुतेक काम सीपीयूकडून करून घेतं, ग्राफिक्स कार्ड बसून राहतं. आज लिहायला घेतलं तर कोणी असं रचणार नाही.

भाच्याचं म्हणणं खोटं नाही. मात्र पाया जुना आहे हे वाक्य या क्षेत्रात इतक्यांदा उच्चारलं गेलंय, की मामांनी पुढचा प्रश्न विचारला नसता तर मीच विचारला असता.

मामा : तुह्या आंधी कोन्या पोट्ट्याच्या डोक्यात हे आलं नाई काय?

भाचा : आलं की. सिनेलेरा नावाचं एक होतं, ताकदवान पण किचकट. ते वापरणाऱ्यांपैकीच काहींनी २००८ मध्ये ल्युमिएरा काढलं. सगळं पहिल्यापासून, नीट आराखडा करून.

मामा : मंग ते वापर.

भाचा : वापरण्याजोगी आवृत्ती अजून आलेली नाही.

मामा : दोन हजार आठपासून?

भाचा : आराखडे फार सुंदर आहेत, मामा.

(मला हे उत्तर फार आवडतं. आराखडा कधी क्रॅश होत नाही.)

भाचा : ओपनशॉटही २००८ चंच. जोनाथन थॉमस नावाच्या एकट्या माणसानं सुरू केलं. २०१३ मध्ये त्यानं लोकांकडून ४५ हजार डॉलर गोळा केले, गाभा नव्यानं लिहायला. दुसरी आवृत्ती यायला २०१६ उजाडलं. ऑलिव्ह नावाचं आणखी एक आलं तेव्हा तर लोक नाचले होते. मग लिहिणाऱ्यानं तेही मुळापासून पुन्हा लिहायला घेतलं आणि ते रेंगाळलं. पण थ्री-डी ॲनिमेशनचं ब्लेंडर पाहा ना! २००२ मध्ये सात आठवड्यांत एक लाख युरो जमले लोकांकडून, आणि आज अख्खे सिनेमे बनतात त्यावर.

मामा : ते नवीन बांधलं होतं?

भाचा : नाही. कंपनी बुडाली होती. तिचं आधीचंच सॉफ्टवेअर त्या पैशातून सोडवून मोकळं केलं.

मामा : म्हंजे जुनंच.

भाचा गप्प. आपला सर्वांत तगडा दाखला आपण समोरच्याच्या पारड्यात टाकला, हे त्याच्या ध्यानात आलं. मामांनी हेडफोन उतरवून ठेवला.

मामा : बरं, नवीन लिहिशीन तं माह्या कॅमेऱ्याची फाइल उघडाचं कामही तूच लिहिशीन?

भाचा : छे, त्याला एफएफएमपेग आहे. साल २००० पासूनचं. ते सगळेच वापरतात. तुमच्या कॅमेऱ्याच्या फाइलमध्ये प्रत्येक फ्रेम पूर्ण नसते. मधूनमधून एक पूर्ण, बाकीच्यांत नुसते बदल. मधल्या जागी कात्री लावायची तर मागच्या पूर्ण फ्रेमपासून उलगडत यावं लागतं. मोबाइलच्या व्हिडिओत तर फ्रेमचा वेगही सारखा राहत नाही, आवाज पुढंमागं सरकतो. हे सगळं मी एकटा कुठं लिहीत बसू?

मामा : मंग तू नवीन म्हनतो ते खाली जुनं अन् वरतून रंग. नाव तेवढं तुह्यं.

हा घाव जरा कमरेखालचा होता. नव्याची ओढ केवळ नावासाठी असते असं मला वाटत नाही. दुसऱ्याचं कोड वाचणं म्हणजे त्याच्या डोक्यात भाड्यानं राहणं. स्वतःचं लिहिताना माणूस मालक असतो, आणि विशीत मालक व्हावंसं वाटण्यात पाप नाही. मामांनी मग युक्तिवादाची दिशा बदलली, आणि इथून पुढचं बोलणं वलगावाबाहेर कुठं झालं असतं असं मला वाटत नाही.

मामा : हे पाय. २० डिसेंबर १९५६ ले गाडगेबाबा याच गावापाशी, पेढी नदीच्या पुलावर गेले. कोन्या गावात आले का पह्यले झाडू घेत, मंग कीर्तन. गाव खराब हाय म्हून दुसरं गाव वसवलं काय त्याइनं? आहे तेच झाडलं. तुह्यं केडेनलाइव्ह घान हाय तं झाड.

भाचा : अर्धंच सांगितलं, मामा. बाबांनी धर्मशाळाही बांधल्या. नाशिक, आळंदी, पंढरपूर. पंढरपुरात काय धर्मशाळा नव्हत्या? ढिगानं होत्या. पण तिथं अस्पृश्य वारकऱ्यांना पाय ठेवू देत नव्हते. म्हणून चोखामेळा धर्मशाळा बांधली. ती पुढं १९४९ मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. जुन्या धर्मशाळा झाडून तो प्रश्न सुटला असता का?

मामांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मीही घेतो, कारण वाद इथं पहिल्यांदा धड उभा राहिला. इतका वेळ दोघं जुनं बरं की नवं बरं यावर भांडत होते, आणि त्या प्रश्नाला शेवट नसतो. बाबांच्या दोन कामांत विरोध नाहीच. घाण झालेलं घर झाडायचं. ज्याचं दार आपल्या माणसांना बंद आहे, त्याच्या दारात झाडू घेऊन उभं राहण्यात अर्थ नाही. तिथं दुसरं बांधायचं.

मामा : दार बंद होतं म्हून बांधली. बरोबर. मंग तुह्या त्या केडेनलाइव्हचं दार बंद हाय काय?

भाचा : तसं नाही. कोणीही सोर्स घ्या, बदला, वाटा. लायसनच तसं आहे. २००२ मध्ये ज्यानं सुरू केलं तो कधीच बाजूला झाला, दुसऱ्यांनी उचललं. मध्ये २०१३ च्या सुमारास काम जवळपास थांबलं होतं, तरी ते जगलं. टाइमलाइनचा गाभासुद्धा त्यांनी आतल्या आत बदलला, २०१९ मध्ये. पहिले काही महिने लोकांनी शिव्या घातल्या.

मामा : मंग झालं तं.

भाचा : झालं नाही. दार उघडं कोणासाठी? ज्याला सी प्लस प्लस येतं, इंग्रजीत तक्रार लिहिता येते, ज्याचं मशीन दणकट आहे. तुमच्यासाठी उघडं आहे का? लग्नाचं मिक्सिंग कसं होतं, पाच तास एका टाइमलाइनवर का लागतात, तुमची टायटलं जुन्या मराठी फॉन्टात का अडकलीत, हे तिथं कोणाला माहीत आहे?

मामा : कोनी सांगतलं काय त्याइले?

भाचा : ... बहुतेक नाही.

मामा : मंग बंद हाय का नुसतं लोटलेलं, हे तुले कसं समजलं? त्या वारकऱ्याइले हाकलून देल्लं होतं. आपल्याले कोन हाकललं? आपुन तं गेलोच नाई.

मामांचा हा मुद्दा बळकट आहे, तरी मी पूर्ण त्यांच्या बाजूचा नाही. उंबरा इतका उंच असू शकतो की हाकलायची गरजच पडत नाही, आणि असा उंबरा आतल्यांना दिसत नाही. पण हेही खरं की तो उंबरा भाच्याला ओलांडता येतो. टायटलांचंच घ्या. मुंबईच्या ‘एक टाइप’चा ‘मुक्त’ हा फॉन्ट खुल्या लायसनचा आहे, युनिकोड आहे. त्यात ‘शुभविवाह’च्या टायटलांचा एक संच करून केडेनलाइव्हमध्ये घालायला एक सुट्टी पुरे. नवा एडिटर लिहिणाऱ्याला टायटलपर्यंत पोचायलाच काही वर्षं लागतात.

मामा : अजून एक इचारतो. पुढच्या साली तुले पुन्यात नोकरी लागन. मंग तुह्यं सॉफ्टवेअर बिघडलं तं म्या कोनाच्या दारात जाव?

भाचा : मी आहेच की फोनवर.

मामा : बाबानं इतक्या धर्मशाळा बांधल्या, पन एकाही धर्मशाळेत सोताचं घर केलं नाई. ट्रस्ट केले, लोकाइच्या हवाली केलं. म्हून त्यायच्यामागंही चालल्या. तुह्या धर्मशाळेत तूच एकटा मालक, तूच चौकीदार. क्रॅकवाल्या एडियसमंधी अन् त्यात मले काय फरक? दोनीकडं मी दुसऱ्याच्या मर्जीवर.

भाचा : फरक आहे. माझं कोड उद्या दुसरा कोणी उचलू शकतो.

मामा : उचलू शकते. तूच दुसऱ्याचं उचलाले तयार नाई, तं तुह्यं कोन उचलन?

भाच्याला हे लागलं. थोडा वेळ मशीनच्या पंख्याचाच आवाज. मग त्यानं, हार न मानता, अट घातली.

भाचा : एक लग्न मला द्या. पावसाळा आहे, गिऱ्हाईक घाईत नाही. ते लिनक्सवर, केडेनलाइव्हवर पूर्ण करायचं. माऊस तुमच्या हातात, मी शेजारी बसून जिथं जिथं अडेल ते लिहून काढतो. जे झाडून निघेल ते मी तिकडं पाठवीन, इंग्रजीत, तुमच्या नावानं. आणि जे पायाच बदलल्याशिवाय निघणारच नाही, त्याची वेगळी यादी.

मामा : ते दुसरी यादी लांब झाली तं?

भाचा : मग मी नवीन लिहिणार. तेव्हा तुम्ही अडवायचं नाही.

मामा : नाई अडवत. अन् आखूड झाली तं?

भाचा : तर नाही लिहिणार.

मामा : आता म्हनतो. तवा तुले रागच येईन.

भाचा : येईल. ते लग्न कोणतं देता, ते सांगा.