परक्याच्या हाती दिलेले व्याकरण

एखाद्या धर्माने आपलेच पाळक आणि धर्मगुरू घडवण्यासाठी चालवलेल्या शाळेत खरी विद्या नांदू शकते का? ख्रिस्ती सेमिनरीबद्दल हा प्रश्न आपल्याकडे सहसा विचारला जात नाही, कारण विचारण्याआधीच उत्तर ठरलेले असते. बाहेरच्या माणसाला वाटते, तिथे प्रचारक तयार होतात, त्यात विद्येचा काय संबंध? आतल्या माणसाला वाटते, आमच्याकडे हिब्रू आहे, ग्रीक आहे, चर्चचा इतिहास आहे, पदव्याही आहेत, आणखी काय हवे? दोघेही सेमिनरीच्या आतच पाहतात. मला वाटते, या प्रश्नाचा निकाल बाहेरून लावता येतो, आणि त्यासाठी पनवेलचे एक यहुदी प्रार्थनामंदिर फार उपयोगी पडते.

पनवेलचे बेथ एल सिनेगॉग 1849 सालचे. ते बांधणारे बेने इस्राएल शतकानुशतके कोकणातल्या गावांत तेलाचे घाणे चालवत आले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. भाषा मराठी आणि आडनावे गावांवरून: किहीमचे केहिमकर, राजपुरीचे राजपूरकर, तळ्याचे तळकर. शब्बाथ, सुंता, काही सण आणि ‘शेमा’ची प्रार्थना त्यांनी टिकवली होती, पण हिब्रू ग्रंथ वाचण्याची परंपरा जवळजवळ तुटली होती. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती पुन्हा जुळू लागली. श्रेय एकाचे नाही. कोचीनहून आलेल्या यहुदी शिक्षकांचा वाटा मोठा आहे आणि तो विसरून चालणार नाही. पण दुसरा वाटा जिथून आला ते ठिकाण विचित्र आहे. 1829 मध्ये मुंबईत आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये बेने इस्राएलांसाठी हिब्रूचे प्राथमिक व्याकरण मराठीतून छापले. हेतू लपवलेला नव्हता: जुना करार मुळातून वाचला की यहुदी माणूस नव्या करारापर्यंत आपोआप येईल, असा त्यांचा हिशेब होता.

हिशेब चुकला. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतले, शाळा घेतल्या, मराठी बायबलही वाचले, पण ख्रिस्ती झाले ते अगदी मोजके. उलट त्यांच्यातून जोसेफ इझिकेल राजपूरकरांसारखा हिब्रू पंडित निघाला. राजपूरकर विल्सन यांच्याच मिशनच्या शाळेत शिकले, पुढे डेव्हिड ससून यांच्या नावाच्या शाळेत मुख्याध्यापक झाले, मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक झाले, आणि यहुदी प्रार्थनाग्रंथ एकामागून एक मराठीत आणत राहिले. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू आणि मराठी असा वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा छापला गेला. त्यातल्या चित्रांत लुगडी नेसलेल्या बायका बेखमीर भाकरी करताना दिसतात. हायम सॅम्युएल केहिमकरांनी समाजाचा इतिहास लिहिला तो 1897 मध्ये पूर्ण झाला. या माणसांना येशूकडे नेण्यासाठी दिलेली वाट त्यांना थेट सिनेगॉगमध्ये घेऊन गेली.

याला मिशनचे अपयश म्हणणे सोपे आहे, आणि मिशनच्या दृष्टीने ते होतेच. पण विद्येच्या दृष्टीने पाहिले तर मला यात कसोटी सापडते. प्रचार आणि विद्या यांतला फरक शिकवणाऱ्याच्या हेतूत शोधायला गेलो तर हाती काही लागत नाही. हेतू सगळ्यांचेच असतात, विद्यापीठांचेही. फरक असा की विद्येची साधने शिकवणाऱ्याच्या हातून सुटतात. क्रियापदाचे रूप कोण चालवतो यावर ते रूप बदलत नाही. म्हणून ज्याच्याशी आपले मूलतः पटत नाही त्याच्या हाती ती साधने देता आली, आणि ती वापरून त्याला आपल्याविरुद्ध निष्कर्ष काढता आला, तर तिथे विद्या होती असे म्हणावे. प्रचारपत्रक असे परक्याच्या हाती उपयोगी पडत नाही. ते पटते किंवा फेकून दिले जाते. आणि हिब्रूच्या बाबतीत हा व्यवहार विल्सनपासून सुरू झालेला नाही. जर्मन ख्रिस्ती पंडित योहान रॉयश्लिन यांनी 1506 मध्ये हिब्रूचे जे पुस्तक काढले त्याचा मुख्य आधार होता डेव्हिड किम्ही या मध्ययुगीन यहुदी व्याकरणकाराचा. हेच किम्ही स्तोत्रांवरच्या भाष्यात ख्रिस्ती अर्थांचे खंडन करतात. म्हणजे ख्रिस्ती जगाला हिब्रू व्याकरण मिळाले ते आपल्याच टीकाकाराकडून, आणि तीनशे वर्षांनी एका स्कॉटिश पाद्र्याने ते कोकणातल्या यहुद्यांच्या हाती मराठीतून परत दिले. हे कर्ज फेडतोय याची विल्सनना जाणीव असेल असे वाटत नाही.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. साधने सुटत असतील, पण संस्था तर बांधलेली आहे ना? सेमिनरीत निष्कर्ष आधी आणि अभ्यास नंतर, मग अभ्यास काय कामाचा? आक्षेपाला पुरावा भक्कम आहे, आणि तो विल्सन यांच्याच घरातला. 1843 पासून विल्सन ज्या फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये होते त्याच चर्चच्या ॲबर्डीनमधल्या कॉलेजात विल्यम रॉबर्टसन स्मिथ हिब्रू शिकवत. एनसायक्लोपीडिया ब्रिटानिकातल्या ‘बायबल’ या लेखात त्यांनी मोशेच्या नावावरची पुस्तके वेगवेगळ्या काळांतल्या थरांची बनली आहेत ही भूमिका मांडली. वर्षानुवर्षे खटला चालला आणि 1881 मध्ये चर्चने त्यांची प्राध्यापकी काढून घेतली. त्यानंतरच्याच वर्षी जर्मनीत युलियस वेलहाउझेन यांनी ग्राइफ्सवाल्ड इथली ईश्वरविज्ञानाची प्राध्यापकी स्वतः सोडली, कारण आपण शिकवतो त्यामुळे विद्यार्थी पाळकपणाच्या कामाला नालायक होतात असे त्यांना प्रामाणिकपणे वाटू लागले होते. एकाला चर्चने घालवले, दुसरा चर्चची सोय पाहून निघाला. मी या दोन घटना सौम्य करून सांगणार नाही. त्यांतून सिद्ध होते ते इतकेच की सेमिनरी विद्येला नेहमी आसरा देतेच असे नाही. पण आक्षेपाला हवे ते सिद्ध होत नाही. स्मिथ ज्यासाठी घालवले गेले तो अभ्यास त्यांनी बाहेरून आणलेला नव्हता. चर्चने जे हिब्रू शिकवायला त्यांना नेमले त्याच हिब्रूतून तो निघाला. निष्कर्ष आधी ठरलेला असता तर खटल्याची वेळच आली नसती. आणि आज जगभरच्या बऱ्याच सेमिनऱ्यांत विद्यार्थ्याला या थरांची चर्चा अभ्यासावी लागते, मग ती पटो वा न पटो. रोमन कॅथलिक चर्चनेही 1943 मध्ये बाराव्या पायसच्या परिपत्रकाने मूळ भाषा आणि ऐतिहासिक पद्धत यांना दार उघडले. उशीर झाला, पण उघडले.

दुसरा आक्षेप आपल्या मातीतला आहे: हे सगळे साम्राज्याच्या सावलीतले ज्ञान, दुसऱ्याचा धर्म पाडण्यासाठी शिकलेले. हेही खरे. 1839 मध्ये विल्सन यांच्या शाळेतली पारशी मुले ख्रिस्ती झाली तेव्हा मुंबईत केवढा गहजब उडाला, आणि 1843 मध्ये विल्सन यांनी पारशी धर्मावर पुस्तक लिहिले ते त्याच्या खंडनासाठीच. पण पुढे काय झाले पाहा. पारशी समाजाने उत्तर शोधायला सुरुवात केली, खुरशेदजी कामा युरोपात जाऊन अवेस्ता शास्त्रीय पद्धतीने शिकले आणि 1861 पासून मुंबईत तरुण धर्मगुरूंना शिकवू लागले. हल्ला करणाऱ्याचेच हत्यार उचलून घर नव्याने बांधले गेले. यामुळे विल्सन यांचा हेतू शुद्ध ठरत नाही. तो हेतू त्या ज्ञानाला शेवटपर्यंत आपल्या ताब्यात ठेवू शकला नाही, हे मात्र ठरते.

तिसरा आक्षेप आतून येतो आणि मला तो सर्वांत गंभीर वाटतो. मराठवाड्यातल्या एखाद्या छोट्या मंडळीच्या पाळकाला हिब्रूतले धातू चालवता येऊन काय फायदा? लोकांना आजारपणात प्रार्थना हवी, लग्न लावणारा हवा, भांडण मिटवणारा हवा. विद्या त्याला लोकांपासून दूर नेते, असे अनुभवी मंडळीही म्हणतात. याचे उत्तर केडगावात आहे. पंडिता रमाबाईंनी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मुळातून सोप्या मराठीत आणले. 1922 मध्ये मृत्यूपूर्वी हे काम पुरे झाले आणि 1924 मध्ये ग्रंथ बाहेर आला. छापखाना त्यांच्या केडगावच्या मुक्ती मिशनचाच होता. ज्या बाया-मुलींना दुष्काळाने आणि वैधव्याने टाकून दिले होते त्या तिथे खिळे जुळवत होत्या, त्यांत हिब्रूचे खिळेही होते. हे काम उजवीकडून डावीकडे, अक्षरांखालची स्वरांची टिंबे सांभाळत करायचे. रमाबाईंनी हा खटाटोप केला तो पंडितांसाठी नव्हे. प्रचलित भाषांतराची संस्कृतप्रचुर मराठी त्या बायांना कळत नव्हती, आणि सोपे करायचे तर मूळ कळायला हवे. ज्याला मूळ वाचता येत नाही त्याला दुसऱ्याचे अवघड भाषांतर तसेच्या तसे पुढे ढकलावे लागते. पाळकाला हिब्रू हवे ते प्रवचनात मिरवायला नव्हे, तर लोकांच्या भाषेत बोलण्याची मुभा मिळावी म्हणून हवे.

आणि इथे आजच्या सेमिनऱ्यांबद्दल एक तक्रार केलीच पाहिजे. पुण्यात ज्ञानदीप विद्यापीठ 1955 पासून आहे, यवतमाळहून हललेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 पासून आहे. ग्रंथालये आहेत, अध्यापक आहेत. पण वरचे शिक्षण प्रामुख्याने इंग्रजीत चालते आणि प्रबंध सेमिनरीवालेच वाचतात. शेजारी बसून चूक काढणारा परका त्यामुळे दिसेनासा होतो. 1832 मध्ये विल्सन यांना निदान हे उमगले होते की परक्याला हिब्रू द्यायचे तर मराठीतून द्यावे लागेल. बेने इस्राएलही 1948 नंतर मोठ्या संख्येने इस्राएलला गेले, त्यामुळे कोकणातला तो जागता वाचक विरळ झाला.

तरी परका नेहमी बाहेरूनच येतो असे नाही. जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात एक छोटे निवेदन आहे: पहिले पीक अर्पण करताना शेतकऱ्याने आपल्या अरामी पूर्वजाची, मिसरातल्या गुलामीची आणि सुटकेची आठवण सांगायची. पनवेलच्या यहुदी घरांत वल्हांडणाच्या रात्री हगाद्यातून हेच वाचले जाते, आणि परंपरेने तिथे अर्थ असा घेतला जातो की एका अरामी माणसाने आमच्या बापाचा नाश करू पाहिला. जर्मन अभ्यासक गेरहार्ड फॉन राड यांनी 1938 मध्ये या निवेदनात इस्राएलचा अतिप्राचीन श्रद्धासार पाहिला. तिसरे वाचन दलित ख्रिस्ती विचारवंत अरविंद निर्मळ यांचे. 1981 मध्ये बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजात त्यांनी शूद्रांच्या ईश्वरविज्ञानाची मागणी केली, आणि भारतातल्या ख्रिस्ती विचाराने ब्राह्मणी परंपरेशीच संवाद करण्यात आयुष्य घालवले, दलितांकडे पाहिलेच नाही, असे सुनावले. पुढे दलित ईश्वरविज्ञान मांडताना त्यांनी अनुवादातले हेच निवेदन हाती घेतले, सेमिनरीत शिकलेल्या सगळ्या साधनांनिशी, आणि जिथे ते दलिताला लागू पडत नाही ती जागा दाखवली: त्या अरामी भटक्याला निदान भटकण्याची मोकळीक होती, दलिताच्या पूर्वजाला तर गावाबाहेर काढून तिथेच बांधून ठेवले होते.