पायरी दाखवणारे शब्द

रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त इंग्रज, फिरंगी (पोर्तुगीज), वलंदेज (डच) आणि फरासीस (फ्रेंच) या सगळ्यांना मिळून एकच नाव आहे: टोपीकर. अठराव्या शतकाच्या आरंभीचा हा ग्रंथ राज्यकर्त्याला बजावतो, की हे लोक वरवर सावकार दिसत असले तरी त्यांच्या पाठीशी त्यांचे राजे आहेत, त्यांना किनाऱ्यावर पाय रोवू देऊ नयेत. इकडची माणसं पागोटं बांधणारी, ती माणसं टोपी घालणारी. वेगवेगळ्या देशांचे, वेगवेगळ्या भाषांचे लोक एका शब्दात मावले आणि वाचणाऱ्याला ते पुरेसं कळलं. पोशाखावरून माणसाची जात, देश आणि हेतू ओळखण्याची, निदान ओळखल्याचा दावा करण्याची मराठीची सवय तेव्हाही मुरलेली होती.

त्या शब्दाला धार होती, पण ती बरोबरीच्या किंवा वरचढ शत्रूकडे वळलेली होती. पुढे मात्र ही धार बहुतेक वेळा खाली वळलेली दिसते. आज बोलण्यात सहज येणारे काकूबाई, घाटी, गावठी, टपोरी, छपरी हे शब्द कपड्यांच्या नावाखाली उच्चारले जातात आणि माणसाला त्याची पायरी दाखवतात. एकेकाळी जे काम सरकारी हुकूम करत असत, ते आता या शब्दांकडे आलं आहे. म्हणून ‘बोलण्याची एक लकब’ म्हणून त्यांना सोडून देता येत नाही.

कपड्यांची सगळीच बोली अशी नाही. उलट नव्या वस्तूला नाव देताना मराठी फार मोकळ्या मनाने वागते. बिनबाह्यांच्या बनियनला घराघरांत ‘सँडो’ म्हणतात, ते विसाव्या शतकाच्या आरंभी हिंदुस्थानात येऊन गेलेल्या युजेन सँडो या शक्तिवीराच्या नावावरून. १९६० मध्ये ‘लव्ह इन सिमला’ आला आणि कपाळावर बारीक झालर सोडलेली केशरचना ‘साधना कट’ झाली. १९७३ च्या ‘बॉबी’नंतर ठिपक्यांचं कापड ‘बॉबी प्रिंट’ म्हणून मागितलं जाऊ लागलं. अटलांटिक महासागरातल्या एका द्वीपसमूहाचं नाव गुडघ्यापर्यंतच्या चड्डीला मिळालं आणि ‘बर्मुडा’ घालून माणसं दूध आणायला बाहेर पडू लागली. शर्ट खोचणं म्हणजे ‘इन करणं’. झंपर, पाटलोण, बुशकोट हे इंग्रजीतून आलेले शब्द इतके रुळले, की त्यांचं परकेपण कुणाला जाणवेनासं झालं.

याच मोकळ्या बाजूचा आणखी एक शब्दप्रयोग आहे, आणि तो बोलीतून हळूहळू कमी होतो आहे याचं वाईट वाटावं असा आहे: घडी मोडणं. नवी साडी पहिल्यांदा नेसणं म्हणजे तिची घडी मोडणं. हा मान पुष्कळदा दुसरीला दिला जाई. जावेला, नणंदेला, शेजारणीला नवी कोरी साडी हातात देऊन ‘तूच मोड घडी’ म्हणायचं. एका बाईच्या अंगावर जे पहिल्यांदा मिरवायचं, त्यावर दुसरीचाही हक्क आहे हे त्या दोन शब्दांत गृहीत धरलेलं असे. वस्त्राच्या निमित्ताने माणसं जोडणारी बोलीही मराठीत होती, हे पुढचं वाचताना लक्षात ठेवायला हवं.

कारण दुसरी बाजू कठोर आहे. पेशवाईत पुण्याच्या सोनारांनी ब्राह्मणांसारख्या निऱ्या काढून धोतर नेसू नये अशी बंदी घातली गेली होती. समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी जातीवरच्या आपल्या ग्रंथात या बंदीची नोंद घेतली आहे. धोतर तेच, कापड तेच, वाद फक्त निऱ्यांचा. पण त्या निऱ्यांवरून माणूस कोण आहे हे दुरून कळायचं, आणि ते कळत राहावं अशी सत्तेची इच्छा होती.

२५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृतीचं दहन झालं. त्याच परिषदेच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी जमलेल्या स्त्रियांपुढे स्वतंत्र भाषण केलं. त्यात त्यांनी लुगडं नेसण्याच्या पद्धतीवर आणि दागिन्यांवर नेमकं बोट ठेवलं. आखूड नेसलेलं लुगडं, गळाभर गळसऱ्या, कोपरापर्यंत चांदीच्या किंवा कथलाच्या पाटल्या ही सारी अस्पृश्यतेची ओळख पटवणारी खूण आहे, ती पुसून टाका, असं त्यांचं सांगणं होतं. दुसऱ्या दिवशी अनेक स्त्रिया घोट्यापर्यंत पोचणारं लुगडं नेसून आल्या. महाडच्या इतिहासात तळ्याचं पाणी आणि जळलेला ग्रंथ यांच्याइतकीच ही घटना मोठी मानली पाहिजे. एका रात्रीत बदललेल्या त्या नेसण्यात त्या स्त्रियांनी शतकानुशतकांचा एक हुकूम स्वतःच्या हाताने मोडला.

त्याआधी जोतीराव फुल्यांनी पोशाखाचा उलटा प्रयोग करून दाखवला होता. १८८८ मध्ये ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ पुण्यात मेजवानी होती. पाहुणे उंची कपड्यांत आले. जोतीराव शेतकऱ्याच्या वेशात आले आणि हा वेश ज्यांचा आहे ते खरे प्रजाजन कसे राहतात, हे त्यांनी राजपुत्राला ऐकवलं. मेजवानीतल्या लोकांनी ज्या वेशाला हसून बाजूला सारलं असतं, तोच त्यांनी पुराव्यासारखा वापरला. महाडच्या स्त्रियांनी लादलेली खूण पुसली, फुल्यांनी ती मुद्दाम धारण केली. मार्ग उलट होते, पण माझ्या कपड्याचा अर्थ तुम्ही ठरवणार नाही, हा आग्रह दोघांचाही होता.

हुकमाचे दिवस गेले. खूण ओळखण्याचा सोस गेला नाही, तो बोलण्यात उतरला. मराठीत एका वर्गाचं नावच पांढरपेशा आहे. मातीत, तेलात, शेणात हात न घालता जगता येतं, म्हणून ज्यांच्या अंगावरचं पांढरं पांढरं राहतं, ते पांढरपेशे. हा शब्द टिंगलीचा झाला नाही. त्या वर्गाने तो स्वतःसाठी सहज वापरला, अग्रलेखांत आणि कथा-कादंबऱ्यांत मिरवला. वरच्या पायरीवरचं नाव असं मानाने चालतं. खालच्या पायरीवरची नावं कशी चालतात ते ‘घाटी’ या शब्दात दिसतं. सह्याद्रीचा घाट उतरून सातारा, कोल्हापूर, पुणे भागांतून मुंबईच्या गोदीत आणि गिरण्यांत कामाला आलेली माणसं म्हणजे घाटी. आधी हे नाव माणसाला लागलं. मग त्याच्या बोलण्याला, मग त्याच्या कपड्यांना. आज मराठी घरातली मराठी मुलगी बटबटीत रंगाच्या शर्टाला ‘घाटी’ म्हणते, आणि तिच्या पणजोबांनी घाट उतरताना जो सदरा घातला होता त्यालाच आपण हसतो आहोत हे तिच्या मनातही येत नाही.

‘गावठी’ची गोष्ट आणखी बोलकी आहे. शहरातल्या दुकानात गावठी तूप, गावठी कोंबडी, गावठी अंडी यांना जास्त पैसे मोजले जातात. तिथे हा शब्द शुद्धतेची हमी देतो. कपड्यांकडे आला की तोच शब्द शिवी होतो. गावाकडून येणारं अन्न हवं आहे, गावाकडून येणारा माणूस मात्र आधी बदलून यायला हवा, असा हा व्यवहार आहे. खणाच्या कापडाचं असंच झालं. पिढ्यान् पिढ्या कष्टकरी बायांच्या चोळ्या ज्या खणाच्या शिवल्या गेल्या, त्याच खणाच्या साड्या, कुर्ते आणि पिशव्या आज शहरात हौसेने घेतल्या जातात. नऊवारीला तर दुकानांत ‘पेशवाई’, ‘ब्राह्मणी’, ‘कोळी’, ‘मस्तानी’ अशी नावं पडली आहेत. जातीच्या खुणा शिवणकामाच्या दरपत्रकात जाऊन बसल्या आहेत. पाडव्याच्या शोभायात्रेत गॉगल लावून, फेटा बांधून, बुलेटवर बसलेल्या तरुणीचं नऊवारीतलं छायाचित्र वर्तमानपत्रात पहिल्या पानावर येतं. त्याच दिवशी भाजीच्या पाट्या घेऊन लोकलमध्ये चढणारी काष्ट्यातली बाई त्या डब्यात कुणाला देखणी दिसत नाही.

बायकांच्या कपड्यांवरचा पहारा सर्वांत कडक. काष्टा सोडून गोल पातळ नेसणारी एका पिढीत आगाऊ ठरली. मग पाचवारी हाच सभ्य वेश झाला आणि सलवार-कमीज, म्हणजे मराठीतला ‘पंजाबी ड्रेस’, संशयित झाला. लग्नानंतर ‘ड्रेस’ घालू द्यायचा की नाही यावर गेल्या शतकाच्या अखेरीपर्यंत घराघरांत रुसवेफुगवे झाले. आता ड्रेस सोज्वळ आहे आणि चौकशी जीन्सची होते. जी मागे राहिली ती काकूबाई, जी पुढे गेली ती ‘जास्तच’. मधल्या जागेची रुंदी किती, हे कुणी सांगत नाही. दुपारी गाऊनवर ओढणी टाकून दाराशी कुरिअर घेणाऱ्या बाईवर विनोद लिहिले जातात. बनियन-लेंग्यावर चौकापर्यंत जाऊन येणाऱ्या पुरुषासाठी मात्र मराठीने एकही चिडवणारा शब्द घडवलेला नाही.

आता ‘छपरी’. रंगवलेले केस, घट्ट जीन्स, स्वस्त गॉगल, मोठ्या आवाजाची मोटारसायकल असं चित्र उभं करणारा हा शब्द गेल्या काही वर्षांत आखूड चित्रफितींबरोबर देशभर गेला. मराठी खेड्यात छपरी म्हणजे घराला लागून काढलेली उतरत्या छपराची जागा. ‘छपरी’ म्हटला जाणारा मुलगा छपराखाली राहणारा आहे, हे शब्दातच बसलेलं आहे. अनेक जण या शब्दाचा धागा छप्परबंद जमातीशी जोडतात. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत या जमातीचं नाव आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात माणसाला जन्मानेच गुन्हेगार ठरवलं जात होतं. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला आणि त्यात अडकलेल्या जमाती विमुक्त झाल्या. या इतिहासाची जाण असलेल्या माणसाला हा शब्द गंमत म्हणून वापरता येणार नाही.

हा फक्त अभिरुचीचा प्रश्न आहे, असं या शब्दाचे समर्थक सांगतात. त्याची परीक्षा सोपी आहे. गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि पिवळे केस वांद्र्याच्या नटावर दिसले तर त्याला ‘लूक’ म्हणतात, मासिकं त्याची छायाचित्रं छापतात. तीच जीन्स फेरीवाल्याकडून घेऊन, तोच रंग कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये लावून घेतलेला मुलगा छपरी होतो. कापड, रंग, फाटलेली जागा सगळं तेच आहे. वेगळा आहे तो फक्त मुलाचा पत्ता.

हुकूमही पूर्णपणे संपलेले नाहीत. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शिक्षकांनी जीन्स आणि टी-शर्ट घालू नयेत अशा सूचना काढल्या. त्याच वर्षी चेंबूरच्या एका महाविद्यालयाने आधी हिजाब, मग फाटक्या जीन्स आणि टी-शर्ट यांना मनाई केली. हिजाबवरच्या बंदीला ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली. लेखी आदेशाविरुद्ध निदान न्यायालयात जाता येतं, तारीख मिळते, कारण विचारता येतं. बोललेल्या शब्दाविरुद्ध अर्ज कुठे करायचा? छपरी ठरवला गेलेला मुलगा एवढंच करतो की केस पुन्हा काळे करतो, शर्ट बदलतो, ‘इन’ करतो. घाटी, गावठी, टपोरी, छपरी हा क्रम पाहिला तर तोवर त्याच्यासाठी पुढचा शब्द कुणीतरी वापरायला लागलेला असतो, आणि तो शब्द वर्गात, रेडिओवर, विनोदी कार्यक्रमांच्या मंचावर पोचवणाऱ्यांत सुशिक्षित मराठी माणसं पुढे असतात.