उतारशाळेच्या रक्षकाची विचारपूस

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यातील एका व्यक्तीकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ती म्हणजे उतारशाळेचा रक्षक. शोमरोनी दुसऱ्या दिवशी आपल्या वाटेने जातो. जखमीच्या उशाशी जागण्याचे काम या रक्षकाकडे येते. आजचे डॉक्टर, परिचारिका व वॉर्डातील सेवक हे त्याचेच वारसदार होत. त्यांचे मन कोणी जपावे, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

सातारा जिल्ह्यातील खंडाळा तालुक्यात, नायगाव येथे, १८३१ साली सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा डॉक्टर असलेल्या दत्तक पुत्राच्या, यशवंतरावांच्या, दवाखान्यात त्यांनी रुग्णसेवा केली. त्याच रोगाने १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. साथरोगांचा कायदाही त्याच वर्षीचा. आरोग्यसेवकांवर हात उगारणाऱ्यांना शिक्षा व्हावी म्हणून त्यात दुरुस्ती करणारा वटहुकूम २२ एप्रिल २०२० रोजी काढावा लागला. महिनाभरच आधी आपण त्यांच्यासाठी टाळ्या-थाळ्या वाजवल्या होत्या!

गौरवाने माणूस सुखावतो, पण त्याचा थकवा उतरत नाही. उलट, ज्याला आपण देवदूत ठरवतो त्याला रडण्याची मुभा उरत नाही. एका खाटेवरचा रुग्ण दगावतो आणि परिचारिकेला शांत चेहऱ्याने पुढच्या खाटेकडे वळावे लागते. ते दुःख मनात साचते. झोप उडते, आपणच कमी पडलो असे वाटू लागते. अशा वेळी ‘मन घट्ट करा’ हा उपदेश निर्दय ठरतो.

कोणी म्हणेल, त्याग हा ख्रिस्ती सेवेचा प्राणच नव्हे का? निश्चितच आहे. परंतु त्याग स्वतःहून अर्पण करायचा असतो. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही. सेवाकार्याहून परतलेल्या प्रेषितांना प्रभू येशूने एकांती जाऊन विसावा घेण्यास सांगितले, हे मार्कच्या शुभवर्तमानात आहे.

शोमरोन्याने रक्षकाची केवळ स्तुती केली नाही. त्याच्या हाती दोन दिनार ठेवले व अधिक खर्च परतताना फेडण्याचे वचन दिले. पुरेसे मनुष्यबळ, हक्काची सुटी, समुपदेशकाशी निःसंकोच बोलण्याची सोय हे आजचे दिनार होत. ते शासनाने व रुग्णालयांनी द्यावेत. आपल्या धर्मग्रामातही रात्रपाळी करून येणाऱ्या भगिनी आहेत. त्यांच्या घरी एका वेळचे जेवण पोचवणे, त्यांचे बोलणे मध्ये न तोडता ऐकणे, आपला रुग्ण बरा झाल्यावर पुन्हा जाऊन त्यांची विचारपूस करणे, एवढे तर आपल्या हाती आहे. शोमरोन्याने परत येण्याचे वचन दिले होते. त्याच्या वाटेने जाणाऱ्यांना ते पाळावेच लागेल.