चकाकी आणि निगा

पावसाळ्याच्या तोंडावर ब्रह्मपुरीतील एका आवारात आम्ही एक नाव पाहिली. ती पुराच्या वेळी उपयोगी पडावी म्हणून दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवून ठेवलेली होती. आणि तो ॲल्युमिनियमचा ट्रेलर दोन मजूर सकाळपासून घासीत होते. दुसऱ्या दिवशी वरिष्ठ पाहणीस यावयाचे होते. तिसऱ्या प्रहरी ट्रेलर आरशासारखा लखलखू लागला, आणि आमच्याही तोंडून 'वाहवा' निघून गेली. पुढे तो जागेवरून हलवू लागले, तो एक चाक फिरेना. आतले वंगण वाळून बेअरिंग गंजले होते. वाहवा देताना आम्ही चाकाकडे पाहिलेच नव्हते, हे आम्हांस अजून बोचते. एखादी वस्तू उजळणे आणि तिची निगा राखणे या गोष्टी एकच आहेत काय?

प्रश्न क्षुल्लक भासेल. परंतु वैनगंगेच्या काठी तो क्षुल्लक नाही. २०२० च्या ऑगस्टअखेरीस गोसीखुर्द धरणाचे ३३ही दरवाजे उघडावे लागले, नदी पात्र सोडून बाहेर आली आणि ब्रह्मपुरी तालुक्यातील लाडजसारखी गावे पाण्याने वेढली गेली. अशा वेळी नाव कितीही चांगली असली तरी ती पाण्यापर्यंत पोचली पाहिजे. आणि तिला पोचविणारे चाक अडले, तर छपरावर बसून वाट पाहणाऱ्यास ट्रेलरच्या चकाकीचे काय होय?

आता या धातूचा स्वभाव पाहा. तांब्यापितळेची भांडी चिंच आणि राख लावून घासावी, हा आपल्या घरांचा जुना संस्कार. तोच आपण 'जर्मनच्या' भांड्यांस, म्हणजे ॲल्युमिनियमलाही, लावतो. परंतु हवेचा स्पर्श होताच या धातूवर प्राणवायूच्या संयोगाने एक थर धरतो. तो मिलिमीटरच्या काही दशलक्षांश भागांइतका पातळ असतो, तथापि आतल्या धातूचे रक्षण तोच करतो. ज्या मंद करड्या रंगास आपण मळ म्हणतो, तो पुष्कळदा या कवचाचाच रंग असतो. धुण्याच्या सोड्याने ते विरघळते. ते पुन्हा धरते खरे. पण दर वेळी थोडा धातू खर्ची पडतो.

खरा नाश होतो तो जेथे कोणी पाहत नाही तेथे. लोखंडी बोल्ट आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकमेकांस भिडले, की ॲल्युमिनियम झिजू लागते. म्हणून मध्ये रबराची चकती घालावी लागते. रस्त्याने धावून तापलेले चाक नाव सोडताना गार पाण्यात बुडाले, की आतली हवा आकसते, पाणी आत ओढले जाते आणि वंगण नासते. म्हणून पाण्यातून आलेला ट्रेलर साध्या पाण्याने धुवावा, चाके उघडून पाहावी, वंगण नवे भरावे. या कामाची खूण बाहेरून दिसत नाही, आणि त्यास वाहवाही मिळत नाही.

यावर कोणी म्हणेल की, घासणे अगदीच व्यर्थ नव्हे. ज्याचा हात प्रत्येक सांध्यावरून फिरतो, त्यासच तडा सापडतो. हे आम्हांस मान्य आहे. दसऱ्यास हत्यारे पुसून पुजण्यात हाच अर्थ असावा. भेद हाताच्या क्रियेत नाही, हेतूत आहे. वस्तूकडे पाहण्यासाठी केलेली स्वच्छता ही निगा होय. आपणांकडे कोणी पाहावे म्हणून केलेली ती केवळ आरास होय. काठावरच्या ढिवराचा डांबर फासलेला काळा डोंगा कोणी पाहणीस बोलावून दाखवीत नाही; पण त्याचा मालक स्वतःच त्यात बसून पलीकडे जाणार असतो, म्हणून त्याची एकही फट त्याच्या नजरेतून सुटत नाही.

तथापि दोष त्या मजुरांस देऊन आम्हांस सुटता येणार नाही. त्यांना चकाकी दाखविण्याचे काम सांगितले होते, आणि ते त्यांनी चोख केले. चकाकीच पाहणारे डोळे आमचे होते. पाहणाऱ्याने 'चाक फिरवून दाखवा' एवढे म्हटले असते, तर सकाळपासूनचे ते श्रम चाकावर खर्च झाले असते. आपल्या घरांत, शाळांत आणि संस्थांत आपण कशास वाहवा देतो, यावरच तेथे कशाची निगा राखली जाईल हे ठरत असते.