पेटीतले पूर्वज

इंग्लंडातील खेड्यांच्या जुन्या चर्चमधून ओकच्या जाड फळ्यांची, लोखंडी पट्ट्यांनी जखडलेली एखादी पेटी अद्यापि पाहावयास मिळते. १६०३ च्या धर्मनियमांनी तिला तीन कुलुपे लावावयास सांगितली होती. एक किल्ली धर्मोपदेशकाजवळ आणि उरलेल्या दोन चर्चच्या दोघा कारभाऱ्यांजवळ, अशी व्यवस्था असल्यामुळे तिघे जमल्यावाचून गावचे दफ्तर उघडणे शक्य नसे. जन्ममृत्यूची सरकारी नोंदणी तेथे सुरू झाली ती १८३७ च्या जुलैत. तिच्या पलीकडे ज्याला आपल्या कुळाचा माग काढावयाचा आहे, आणि ज्याच्या कुळात जहागीर किंवा पदवी नव्हती, त्याला बहुधा या पेटीतल्या कागदांवरच विसंबावे लागते. हे कागद आता बहुतेक परगण्यांच्या दफ्तरखान्यांत गेले आहेत. पण त्यांचा स्वभाव पेटीच्या काळातच घडला, आणि तो हिशेबनिसाचा आहे, कुलवृत्तांतकाराचा नव्हे.

बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद दर आठवड्यास करावी, हे फर्मान आठव्या हेन्रीचा धर्मखात्यातील मुखत्यार टॉमस क्रॉमवेल याने १५३८ साली काढले. त्या वेळी लोकांत अशी कुजबुज उठली की, हा नव्या कराचा पाया घातला जात आहे. आणि ती शंका, जरा उशिराने का होईना, खरी ठरली, कारण १७८३ च्या कायद्याने अशा प्रत्येक नोंदीवर तीन पेनींचा कर बसलाच. तो १७९४ मध्ये उठेपर्यंत निराधारांना माफी होती, म्हणून त्या अकरा वर्षांतील एखाद्या नावापुढे ‘निराधार’ हा शेरा वाचून कोणी आपल्या पूर्वजाच्या हलाखीविषयी एकदम हळहळू नये. एलिझाबेथच्या कारकिर्दीत, १५९८ साली, जुन्या वह्यांची चर्मपत्रावर नक्कल करण्याचा हुकूम सुटला. परंतु ‘विशेषतः राणीच्या राज्यारोहणापासून’ अशी सवलत त्यात असल्याने अनेक गावांची वही १५५८ पासूनच सुरू होते, आणि त्यापूर्वीची वीस वर्षांची माणसे त्या एका ‘विशेषतः’ने पुसून टाकली.

तथापि, वही शाबूत असली तरी तीत उरते ते फार थोडे. खाऊनपिऊन सुखी, कोणाच्या अध्यातमध्यात नसलेला शेतकरी मागे तीन ओळी ठेवतो, आणि १८१३ पूर्वी तर मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत बापाचा धंदा लिहिण्याचीही सक्ती नव्हती. याउलट, ज्याच्यावर गावाचा पैसा खर्च होण्याची धास्ती होती त्याचे आयुष्य तपशीलवार लिहिले गेले. १६०१ च्या कायद्याने गोरगरिबांच्या पोषणाचा भार ज्या त्या गावावर टाकला होता. १६६२ च्या कायद्याने, आगंतुक मनुष्य आपल्यावर भार होईल असे वाटल्यास त्याला त्याच्या हक्काच्या गावी परत धाडण्याची सोय केली. मग हा मनुष्य आमचा की तुमचा, असा तंटा दोन गावांत माजे, आणि दोन न्यायाधीशांपुढे त्याची शपथेवर जबानी होई: जन्म कोठला, बापाचे गाव कोणते, उमेदवारी कोणाकडे केली, लग्नापूर्वी कोणाच्या शेतावर सबंध वर्षाची चाकरी केली. पूर्ण वर्षाच्या चाकरीने त्या गावी हक्क उत्पन्न होत असल्यामुळे काही शेतकरी गड्याला एक्कावन्न आठवडेच ठेवीत; जबानीत मग तो एक उणा आठवडाही नमूद होई. निरक्षर शेतमजुराचे आत्मवृत्त म्हणावे असे जे काही उरले आहे ते बव्हंशी हेच, आणि ते त्याने हद्दपारीच्या भयाखाली सांगितलेले आहे.

स्त्रीची गत याहून विपरीत. अनौरस मूल जेथे जन्मेल त्या गावावर त्याचा भार पडे. यास्तव दिवस गेलेल्या अविवाहित मुलीला प्रसूतीपूर्वी शिवेपलीकडे पोहोचविण्याची कारभाऱ्यांना घाई असे. बाप्तिस्म्याच्या वहीत अशा मुलाच्या बापाची जागा बहुधा रिकामी असते, किंवा ‘लोकांचा पुत्र’ अशा अर्थाचा लॅटिन शेरा असतो. पण त्या बापाचे नाव पुष्कळदा त्याच पेटीतल्या दुसऱ्या बाडात, त्याच्याकडून लिहून घेतलेल्या जामीनकतब्यावर सापडते. धर्मोपदेशकाचे त्या नावावाचून भागत होते, गरिबांच्या हिशेबनिसाचे भागत नव्हते.

आपले पूर्वज शतकानुशतके एकाच शिवारात नांदले, ही वंशशोधकाची आवडती समजूतही या कागदांपुढे टिकत नाही. नॉटिंगहॅमशायरमधील क्लेवर्थचा धर्मोपदेशक विल्यम सॅम्पसन याने १६७६ आणि १६८८ साली आपल्या गावकऱ्यांच्या घरवार याद्या केल्या. इतिहासकार पीटर लॅस्लेट यांनी त्या ताडून पाहिल्या तेव्हा अवघ्या बारा वर्षांत गावातील शेकडा साठाच्या आसपास माणसे बदललेली आढळली. मृत्यूने नेली ती त्यांतील काहीच. बाकीची निघून गेली होती. म्हणून एखादे नाव वहीतून एकाएकी नाहीसे झाले की, वंश खुंटला असे न मानता आसपासच्या गावांच्या वह्या चाळाव्या लागतात. क्वचित त्याहूनही दूर जावे लागते, कारण ईस्ट इंडिया कंपनीच्या पलटणीत भरती होऊन मुंबई इलाख्यात मेलेल्या गोऱ्या शिपायांच्या दफनाच्या नोंदींच्या नकला लंडनला रवाना होत, आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसच्या दफ्तरात आहेत.

या सगळ्याचा शोधकाच्या मनावर एक चमत्कारिक परिणाम होतो. आपला खापरपणजोबा सुखात जगला असावा, असे एरवी कोणालाही वाटते; परंतु दफ्तरखान्यात जबान्यांची सूची उघडून बसलेला मनुष्य नकळत निराळीच प्रार्थना करू लागतो की, निदान एका हिवाळ्यात त्याच्या हाताला काम नसावे, घरातले पीठ संपलेले असावे, आणि कोणा कारभाऱ्याने त्याला दंडाला धरून न्यायाधीशापुढे उभे करून विचारले असावे, तू कोठला?