आडवाटेची शांतता

जबलपुराच्या पूर्वेस खमरियाचा दारूगोळा कारखाना १९४२ पासून उभा आहे. त्याच्या परिसरातील झाडी पाहून नवख्याला वनश्रीचा भास होतो. ती शांतता मात्र नियमाने राखलेली आहे. स्फोटकांच्या इमारती एकमेकींपासून आणि वस्तीपासून दूर असाव्या लागतात. मधली जागा रिकामी सोडावी लागते. येथील निःशब्दतेचे कारण निदान उघड असते.

कुंडम, शहपुरा, दिंडोरी असा अमरकंटकाकडे जाणारा रस्ता धरला की दुसरी शांतता सुरू होते. सालाचे रान, कोदो-कुटकीची शेते, कितीतरी वेळ समोरून वाहन नाही. शहरात शिणलेल्याला अशी वाट हवीशी वाटते, आणि त्यात गैर काही नाही. ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागातील निर्जन रस्त्यांवर मोटार घेऊन दिवसचे दिवस भटकणाऱ्यांची ओढ हीच असते. (ऑस्ट्रेलिया आणि भारत ज्यात एकत्र होते त्या प्राचीन महाखंडाला भूशास्त्रज्ञांनी नाव दिले तेही या गोंडवनावरूनच!) परंतु 'निर्जन' हे केवळ वर्णन नव्हे. ती भूमी पूर्वी कोणाचीच नव्हती, असे मानूनच वसाहतीचा कायदा तेथे रुजला. माबो खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायपीठाने ही कल्पना फेटाळली ती १९९२ साली. तोवर दोन शतके उलटली होती.

आपल्याकडे असे तत्त्व कोणी मांडले नाही. तरी काम तेच झाले. बैगांची बेवार शेती, म्हणजे रान तोडून, जाळून, त्या राखेत बी पेरण्याची रीत, इंग्रज सरकारने १८९० मध्ये आज दिंडोरी जिल्ह्यात असलेल्या 'बैगा चक' या टापूपुरती मर्यादित केली. बाकीचे रान सरकारी झाले. आज त्या रानाची जी निःस्तब्धता आपण वाखाणतो, तिच्यात हद्दपार झालेल्या कुऱ्हाडींचाही वाटा आहे.

यावर कोणी म्हणेल, प्रवाशाने हा कायदा केला नाही, मग त्याच्या निर्मळ आनंदावर हे ओझे कशाला? आक्षेप खरा आहे. दोष त्याचा नाही. पण ज्या स्थितीतून आपल्याला सुख मिळते ती तशीच राहावी, असे मनाला नकळत वाटू लागते, आणि तेथे निर्मळपणा संपतो. एस्टीसारखी गाडी दिवसातून एकदाच येते म्हणून गावकरी हळहळतो; त्याच कारणाने आपण सुखावतो. नर्मदेच्या परिक्रमावासीची गोष्ट निराळी. त्याला सदावर्त मागावे लागते, रात्रीचा आसरा मागावा लागतो. वाट निर्जन असणे त्याला परवडत नाही. मोटारीत पाणी, शिधा आणि इंधन घेऊन निघालेल्याला कोणाचीच गरज पडत नाही.

आठवडी बाजाराच्या दिवशी हाच रस्ता भरून जातो. डोक्यावर टोपल्या घेतलेल्या बाया, सायकली, बकऱ्या, कडेवरची पोरे. त्या दिवशी गाडीला वाट मिळत नाही, आणि शांततेच्या शोधात आलेला प्रवासी हॉर्न वाजवू लागतो.